खिलाडूवृत्ति आणि मैदानाच्या कडेचीं माणसें

भातकापणी आटोपून सातिवलीच्या बाजूचीं उरलींसुरलीं शेतें मोकळीं झालीं आणि तुंगारेश्वराच्या डोंगरावरून सकाळीं गार वारा खालीं येऊं लागला, कीं आमच्या शाळेंत क्रीडासप्ताहाची लगबग सुरू होते. फक्कीनें रेषा आंखल्या जातात, गोळा, दोरखंड, उंच उडीचे खांब अडगळीच्या खोलींतून बाहेर निघतात, आणि प्रार्थनेच्या वेळीं कोणी तरी शिक्षक उभे राहून मुलांस खिलाडूवृत्तीवर चार शब्द सांगतात. गेलीं कित्येक वर्षें हें काम बहुधा माझ्याकडे येतें. त्या भाषणांतून मी पुष्कळ चांगलीं वाक्यें बोललों आहें. तीं कोणाच्या लक्षांत राहिलीं असतील असें मला वाटत नाहीं. मुलांच्या लक्षांत जें राहिलें तें निराळेंच होतें, आणि तें सांगावें म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. ‘खेळाडू’ म्हणजे खेळणारा. ‘खिलाडू’ हा शब्द मनाच्या ठेवणीविषयीं आहे. खेळाडू असून खिलाडू नसलेले लोक पुष्कळ भेटतात, आणि जन्मांत कधीं चेंडूस हात न लावलेला मनुष्यहि खिलाडू असूं शकतो. सामान्यतः आपण या वृत्तीचा अर्थ ‘हार आनंदानें पत्करणें’ एवढाच करितों. ही व्याख्या मला अपुरी वाटते. हरलेल्या मनुष्यास दुसरें करण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें. त्यानें हंसून हात पुढें केला तर तें शोभतें खरें, पण त्यांत त्यास फारसा त्याग करावा लागत नाहीं. या वृत्तीची खरी कसोटी आपण जिंकत असतांना लागते, आणि सर्वांत कठीण कसोटी लागते ती आपली चूक पंचाच्या दृष्टीस पडलेली नसते तेव्हां.

कबड्डीचेंच उदाहरण घ्या. आमचे वडील तिला हुतूतू म्हणत. एका बाजूस सात गडी. चढाई करणारा दम धरून मध्यरेषा ओलांडतो, कोणाच्या दंडास, कोणाच्या टांचेस ओझरता स्पर्श करितो आणि परत फिरतो. अवघा तीस सेकंदांचा प्रकार. त्यांत धूळ उडालेली, प्रेक्षकांचा गलका चाललेला. एक सरपंच आणि दोन पंच असे तिघेजण उभे असले तरी स्पर्श झाला कीं नाहीं हें पुष्कळदां खरोखर दोघांसच ठाऊक असतें : ज्यानें केला त्यास, आणि ज्यास झाला त्यास. पूर्वीं गांवोगांवच्या मुलांच्या खेळांत पंच नसेच. ज्याला हात लागला तो “मेलों” म्हणून आपण होऊन रेषेबाहेर जाई, आणि पुढच्या डावांत जिवंत होऊन परत येई. न गेला तर दुसऱ्या दिवशीं त्याला कोणी खेळावयास घेत नसे. शिट्टी आणि गुणफलक आल्यावर ही जबाबदारी मुलांनीं पंचावर सोंपविली, किंबहुना आपण मोठ्यांनीं ती त्यांच्याकडून काढून पंचाकडे दिली.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यांत मला सुख नाहीं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीं एका आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना चालला होता. आमच्या संघांत डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरील एक मुलगा होता; अंगानें किरकोळ, पण पकडींत मोठा चपळ. त्याचें नांव येथें देत नाहीं. सामना संपावयास दोन-तीन मिनिटें उरलीं असतील. दोन्ही बाजूंचे गुण जवळजवळ सारखे. समोरच्या गड्यानें चढाई केली आणि परततांना त्याचीं बोटें या मुलाच्या कोंपरास लागलीं. मी अगदीं रेषेलगत खुर्ची टाकून बसलों होतों. मला तें स्पष्ट दिसलें. पंचांस दिसलें नाहीं. मुलगा संवयीप्रमाणें बाहेर जाण्यासाठीं अर्धवट वळला, आणि वळतां वळतां त्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं तळहात उपडा करून जमिनीकडे किंचित् दाबल्यासारखा केला. ‘थांब’ एवढाच त्याचा अर्थ. तो थांबला. आम्ही एका गुणानें जिंकलों.

ढाल शाळेंत आली, छायाचित्र निघालें, माझें अभिनंदनहि झालें. मीं मनाची समजूत घातली कीं पंचांनीं दिलें नाहीं तर आपण कां द्यावें, आणि समोरचे तरी कोठें देतात ! पुढच्या वर्षीं एका संध्याकाळीं लहान मुलांचा सराव चालला असतां मी चिंचेच्या मागून येत होतों. एकाला हात लागला होता आणि तो बाहेर जात नव्हता. दुसरा ओरडला, “अरे, लागलाय तुला !” तेव्हां पहिल्यानें तळहात उपडा करून जमिनीकडे दाबून दाखविला आणि म्हणाला, “सरांची खूण !” सर्व मुलें खोखो हंसलीं. चौकशी केली तेव्हां समजलें कीं हा शब्द त्यांच्यांत चांगलाच रूढ झाला होता. बाद होऊनहि जो मैदानांत उभा राहतो तो ‘सरांची खूण’ करितो. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनीं तो सामना पाहिलेलाहि नव्हता.

मुलांना मीं तोपर्यंत खिलाडूवृत्तीवर किती भाषणें दिलीं होतीं याचा हिशेब मजजवळ नाहीं. खूण एकच होती.

या गोष्टीचा मीं पुढें पुष्कळ विचार केला. मूल मोठ्या माणसाकडे सतत पाहत नसतें. खेळाच्या रंगांत तें आपल्यांतच असतें. परंतु संशयाच्या क्षणीं तें मान वर करून पाहतें. अंगणांत पडलेलें लहान मूल रडण्यापूर्वीं आईच्या तोंडाकडे पाहतें, हें सर्व आयांना ठाऊक आहे. आई घाबरली तर तें रडतें. ती हंसली तर धूळ झटकून पुन्हा पळूं लागतें. मैदानावरचें चौदा वर्षांचें मूल याहून फारसें निराळें नसतें. त्याचें तें पाहणें क्षणभराचें असतें. त्या क्षणीं कडेचा मनुष्य जें करितो तें त्याच्या हाडींमांसीं खिळतें, आणि इतर वेळीं आपण जें बोलतों तें कानावरून जातें. म्हणून आदर्श म्हणून भिंतीवर कोणाचें चित्र लावावें हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. रेषेलगतच्या खुर्चीवर कोण बसलें आहे हा पहिला.

तथापि मोठ्या खेळाडूंचें वर्तनहि मुलें पाहतात, आणि आपल्या जवळच घडलेला एक प्रसंग मी वर्गांत नेहमीं सांगतों. वसईहून निघालेली गाडी चर्चगेटास पोंचते आणि तेथून वानखेडे मैदान अगदीं जवळ आहे. त्या मैदानावर १९८० च्या फेब्रुवारींत भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. भारताचा पहिला डाव २४२ धावांचा. इंग्लंडचे पांच गडी ५८ धावांत परतले होते. अशा वेळीं कपिल देव यांच्या चेंडूवर बॉब टेलर या फलंदाजास पंचानें यष्टिरक्षकाकरवीं झेलबाद ठरविलें. भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ जवळच उभे होते. चेंडू बॅटीस लागलेला नाहीं अशी त्यांची खात्री होती. त्यांनीं पंचाकडे जाऊन अपील मागें घेतलें आणि टेलर यांस परत बोलाविलें. टेलर व इयान बोथम यांनीं मग सहाव्या गड्यासाठीं १७१ धावांची भर घातली. बोथम यांनीं शतक केलें, दोन्ही डावांत मिळून १३ बळी घेतले, आणि भारत १० गड्यांनीं हरला.

ही शेवटची गोष्ट मी मुलांपासून लपवीत नाहीं. प्रामाणिकपणानें वागला आणि म्हणून अखेरीस जिंकला, अशाच कथा आपण मुलांस निवडून सांगतों. त्यांत एक प्रकारची लबाडी आहे. मुलांस तो व्यवहार वाटूं लागतो. विश्वनाथ यांच्या हातून तो सामना निसटला, आणि त्यास त्यांचा तो निर्णय कारण झाला असें म्हणणारे लोक आजहि भेटतात. एकदां आठवीच्या वर्गांत एका मुलीनें विचारलें, “सर, मग त्यांना काय मिळालें ?” मीं म्हटलें, कीं टेलर बाद नव्हता, म्हणून तो बाद झाला नाहीं, एवढेंच. तिचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. माझ्याजवळ याहून चांगलें उत्तर अद्याप नाहीं.

आतां शाळकरी मुलांच्याच दोन सामन्यांकडे वळतों. दोन्ही प्रसंगीं विक्रम झाले, आणि दोन्ही प्रसंगीं खरी परीक्षा कडेच्या मंडळींची होती.

पहिला सामना १९८८ च्या फेब्रुवारींतला, मुंबईच्या आझाद मैदानावरचा. हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यांत शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या मुलांनीं सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. संघाच्या धावा २ बाद ७४८. कडेवरून डाव घोषित करण्याच्या खुणा होत होत्या आणि हीं दोन पोरें तिकडे पाहण्याचें मुद्दाम टाळीत होतीं, अशी आठवण सांगितली जाते. अखेर त्यांचे गुरु रमाकांत आचरेकर यांचा स्पष्ट हुकूम पोंचला आणि डाव थांबला. कांबळीस ३५० पुरे होण्यास एकच धाव हवी होती. त्यानें ती मागितली, आणि गुरूंनीं दिली नाहीं असें म्हणतात. सोळा वर्षांच्या मुलास त्या एका धावेची किती हळहळ वाटली असेल ! पण समोर दुसऱ्या शाळेचीं मुलें दोन दिवस उन्हांत चेंडूमागें धांवत होतीं, आणि त्यांनाहि खेळावयाचें होतें. हें त्या दोघांस मैदानाच्या मधोमध सुचण्यासारखें नव्हतें. तें सुचविण्यासाठींच कडेला मोठा मनुष्य असतो.

दुसरा सामना १९१६ चा नव्हे, २०१६ चा आहे. आंकडे वाचतांना मात्र कोणास दंतकथाच वाटेल. त्या वर्षाच्या ४ व ५ जानेवारीस कल्याण येथें सोळा वर्षांखालील मुलांच्या आंतरशालेय स्पर्धेंत पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजांत १८९९ सालीं ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलानें केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम ११६ वर्षें टिकला होता, तो मोडला. त्या मुलाचें कौतुक करावें तेवढें थोडें. तीनशेंहून अधिक चेंडू लक्ष न ढळूं देतां खेळणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्याच्या घरची परिस्थितीहि साधीच होती. पुढें जें म्हणावयाचें आहे त्यांत त्याच्याकडे बोट नाहीं.

समोरच्या संघाचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला होता. त्यांच्या मुलांपैकीं बरींच वयानें फार लहान होतीं. शाळेचे मोठे खेळाडू अभ्यासामुळें संघांत नव्हते, असें त्या वेळच्या वृत्तपत्रांत आलें. पहिल्या दिवसाचा खेळ थांबला तेव्हां फलंदाजी करणाऱ्या संघाच्या १ बाद ९५६ धावा झाल्या होत्या आणि तो मुलगा ६५२ वर नाबाद होता. म्हणजे कॉलिन्सचा विक्रम त्याच संध्याकाळीं मोडलेला होता; सामना कोण जिंकणार याविषयींहि संशय उरलेला नव्हता. आणि मग मध्यें एक संबंध रात्र होती.

त्या रात्रीचा विचार माझ्या मनांतून जात नाहीं. विद्यार्थी थकून झोंपले असतील. जागे राहून विचार करावयाचा तो दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं डाव पुढें चालू झाला, हजार पूर्ण झाले, ३ बाद १४६५ वर तो थांबला. समोरचा संघ ५२ धावांत बाद होऊन एक डाव व १३८२ धावांनीं हरला. एकहि नियम मोडला गेला नाहीं. दूरचित्रवाणीवाले आले, पुढारी आले, मुंबई क्रिकेट असोसिएशननें त्या मुलास दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ति जाहीर केली. २०१७ सालीं, अपेक्षेप्रमाणें खेळ होत नाहीं म्हणून, त्याच्या वडिलांनीं ती आपण होऊन नाकारली. या एका पत्रांत मला त्या सर्व प्रकरणांतील सर्वांत अधिक खिलाडूपणा दिसतो. मात्र सतराव्या वर्षीं एका मुलाच्या खांद्यावर १००९ चें ओझें कोणीं ठेवलें, हा प्रश्न उरतोच. त्या लहानग्या क्षेत्ररक्षकांचीं नांवें कोणास आठवत नाहींत. तीं मुलें त्यानंतर क्रिकेट खेळलीं असतील काय, हें मला जाणून घ्यावेंसें वाटतें.

वडीलधाऱ्यांचें काम केवळ आवरण्याचें असतें असेंहि नव्हे. कित्येकदां नुसतें जवळ उभें राहण्याचें असतें. कराडजवळच्या गोळेश्वर गांवचे पैलवान खाशाबा जाधव यांची हकीकत या दृष्टीनें वाचावी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता, तेव्हां ज्यांच्या हाताखालीं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकले होते त्या प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. जाधवांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारतास व्यक्तिगत खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. परंतु त्याच स्पर्धेंत जपानच्या शोहाची इशी यांच्याशीं झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर त्यांस लागलीच सोव्हिएट मल्लासमोर उभें करण्यांत आलें. नियमाप्रमाणें मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति हवी होती. ती मागण्यास एकहि भारतीय अधिकारी आखाड्याशीं हजर नव्हता. थकलेल्या जाधवांनीं ती कुस्ती गमावली. कोल्हापुरास एका शिक्षकानें घर गहाण टाकलें, आणि हेलसिंकीस अर्धा तास मागावयास कोणी नव्हतें.

घर गहाण ठेवण्याची पाळी आपणांपैकीं कोणावर येणार नाहीं. आपल्या वाट्यास येतात त्या लहान गोष्टी, आणि त्यांतच आपण चुकतों. वयाचा खोटा दाखला घ्या. क्रिकेट मंडळास सोळा वर्षांखालील खेळाडूंच्या मनगटाचीं क्ष-किरण चित्रें काढून वय पडताळावें लागतें, यावरून हा रोग किती पसरला आहे तें दिसेल. खोटा दाखला मूल आणूं शकत नाहीं. तो आणणारा, त्यावर सही करणारा आणि तो फाईलीस लावणारा, हे तिघेहि मोठेच असतात. मूल फक्त त्या तारखेचा आपला वाढदिवस पाठ करितें. यामागें लोभ आहे हेंहि खरें : दहावी-बारावीस खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंस ५ टक्के राखीव जागा आहेत. पाड्यावरच्या किंवा गाळ्यांत काम करणाऱ्या बापास आपल्या मुलासाठीं ती एवढी एकच वाट दिसत असेल, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वीं मी दोनदां विचार करीन. सही करणाऱ्या शिक्षकाविषयीं मला तसें वाटत नाहीं.

दोरीबाहेरच्या पालकांविषयीं थोडेंच लिहितों, कारण तें सर्वांनीं पाहिलेलें आहे. पोत्याच्या शर्यतींत सात वर्षांचें पोर पडलें म्हणून सर्वांदेखत त्याला ‘बावळट’ म्हणणारे वडील दर वर्षीं एक तरी भेटतात. पंचाचे काम करणाऱ्या नवख्या शिक्षिकेस त्यांनीं जें ऐकविलें तें त्याच मुलानें पुढच्या आठवड्यांत वर्गांत दुसऱ्यास ऐकविलेलें मीं ऐकलें आहे, शब्दशः. आम्ही शिक्षकहि निर्दोष नाहीं. याच वार्षिकाच्या मागील पानांवर विजेत्यांचीं नांवें छापतों. हात लागला म्हणून आपण होऊन बाहेर गेला आणि त्यामुळें ज्याच्या संघानें सामना गमावला, अशा मुलाचें नांव कोणत्या रकान्यांत घालावें हें आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं.

माझ्या त्या गोष्टीचा राहिलेला भाग सांगून थांबतों. तो किरकोळ मुलगा आतां सातिवलीच्या एका कारखान्यांत कामास आहे आणि सुटीच्या दिवशीं आसपासच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. शिट्टी गळ्यांत, कपडे स्वच्छ. यंदा आमच्या वर्गावर्गांतील कबड्डीच्या सामन्यांसाठीं मुख्याध्यापकांनीं त्यालाच बोलाविलें. खेळ सुरू होण्यापूर्वीं त्यानें रेषा पावलांनीं मोजल्या, निदानरेषा एका ठिकाणीं पुसट झाली होती ती फक्की मागवून पुन्हा ओढली, आणि मग माझ्यासमोर येऊन अदबीनें म्हणाला, “सर, खुर्ची जरा दोरीच्या पलीकडे घ्याल का ?”

मीं खुर्ची उचलली आणि पलीकडे नेली.